सूर्यप्रकाशातून हायड्रोजन : पाण्यात काय घातले होते, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘माती, ऊन आणि पाणी यांपासून इंधन’ अशा धर्तीच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येतात. एखाद्या प्रयोगशाळेने खनिजावर आधारित नवा संमिश्र पदार्थ तयार केलेला असतो, तो उन्हात पाण्यातून हायड्रोजन सोडतो, आणि एका ग्रॅम पावडरीमागे तासाला इतके मायक्रोमोल (मोल हे रसायनातले कणसंख्येचे माप, त्याचा दहा लाखावा भाग) असा एक भरभक्कम आकडा दिलेला असतो. बातमी खोटी नसते. पण ज्या गोष्टींवर त्या आकड्याची किंमत ठरते, त्या बहुधा गाळलेल्या असतात. पाण्यात पाण्याखेरीज काय मिसळले होते? उजेड सूर्याचा होता की झेनॉन दिव्याचा? तो किती क्षेत्रावर, किती तास पडला? हे प्रश्न क्षुल्लक वाटतील, पण त्यांच्या उत्तरांनी निष्कर्ष शंभर पटींनी बदलू शकतो. म्हणून जरा तपशिलात लिहीत आहे.

सुरुवात ऊर्जेच्या हिशोबापासून करावी लागते. एक मोल पाणी, म्हणजे १८ ग्रॅम, फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला किमान २३७ किलोज्यूल मुक्त ऊर्जा लागते. विजेच्या भाषेत हे १.२३ व्होल्ट. प्रकाश शोषून हे काम करणारा पदार्थ अर्धवाहक असावा लागतो. त्यात प्रकाशकणामुळे एक इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि मागे धन प्रभाराची रिकामी जागा, म्हणजे होल, राहते. इलेक्ट्रॉनने हायड्रोजन सोडवायचा, होलने ऑक्सिजन. जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड वापरून हे करून दाखवले आणि तिथून हा विषय जगभर गेला. त्या पदार्थाची अडचणही तेव्हापासून माहीत आहे. ॲनाटेज या स्फटिकरूपात त्याचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, म्हणजे साधारण ३९० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीच त्याच्या उपयोगाच्या. सूर्याच्या ऊर्जेत अशा अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के. बाकीचे ऊन त्याच्या दृष्टीने वायाच जाते.

मग दृश्य प्रकाश शोषणारी खनिजे घ्यावीत, हा विचार ओघानेच आला. हेमॅटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा, बँड गॅप सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ते स्वस्त, बिनविषारी आणि अल्कलीत टिकाऊ आहे. पण त्यात होल पुनर्मीलनाआधी, म्हणजे इलेक्ट्रॉनशी पुन्हा मिळून नाहीसे होण्याआधी, फक्त २ ते ४ नॅनोमीटर सरकू शकते, तर प्रकाश पुरेसा शोषला जायला शंभर-सव्वाशे नॅनोमीटर जाडी लागते. शिवाय त्यातले इलेक्ट्रॉन हायड्रोजन सोडवण्याइतके वर नसतात, बाहेरून व्होल्टेज द्यावेच लागते. क्युप्राइट, म्हणजे तांब्याचा लाल ऑक्साइड, प्रकाश चांगला शोषतो, पण स्वतःचेच क्षपण होऊन त्याचे तांबे होते. ग्रीनोकाइटच्या जातीचे कॅडमियम सल्फाइड २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे आहे. त्याचे दोन्ही पट्टे, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या ऊर्जेच्या पातळ्या, पाण्याच्या दृष्टीने योग्य जागी आहेत, पण होल ऑक्सिजन काढायच्या आधी त्याच्यातल्या गंधकालाच खाते. एकट्या खनिजाचे घोडे असे कुठे ना कुठे अडते, म्हणून संमिश्र पदार्थ.

इथे एक गैरसमज आधीच दूर करतो. ‘खनिजाधारित’ म्हणजे खाणीतून काढलेला दगड दळून पाण्यात टाकणे नव्हे. गोव्याचे लोहखनिज हेमॅटाइट आहे हे खरे, पण त्यात गोएथाइट, लिमोनाइट, सिलिका, ॲल्युमिना, मँगनीज मिसळलेले असते. अशा अशुद्धींवर इलेक्ट्रॉन आणि होल लगेच एकमेकांना भेटतात आणि ऊर्जेची नुसती उष्णता होते. प्रयोगशाळेतला हेमॅटाइटचा थर फेरिक क्लोराइडच्या द्रावणातून, वाहक लेप दिलेल्या काचेवर वाढवतात : ०.१५ मोलर (म्हणजे लिटरला इतके मोल) फेरिक क्लोराइड, १ मोलर सोडियम नायट्रेट, १०० अंश सेल्सियसच्या आसपास काही तास, मग ५५० अंशांवर भाजणे, आणि शेवटी काही मिनिटे ८०० अंश. या शेवटच्या टप्प्यात काचेच्या लेपातले कथिल थरात शिरते आणि त्याची वाहकता वाढते. तेच ८०० अंश जरा जास्त वेळ ठेवले की काच वाकते आणि लेपाचा रोध वाढतो. इतके सगळे सांभाळूनही हेमॅटाइटच्या उत्तम थरांचा प्रवाह सैद्धांतिक कमाल मर्यादेच्या, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२.६ मिलिअँपिअरच्या, निम्म्याच्या आतच राहिला आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटचेही असेच. त्यातून टायटॅनियम डायऑक्साइड मिळतो, पण सल्फ्युरिक आम्लात पचवून, हिराकस वेगळे काढून, जलविच्छेदन करून आणि भाजून. आपल्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइटच्या कुळातली माती भरपूर आहे म्हणून ‘विदर्भाच्या मातीतून हायड्रोजन’ असेही कोणी लिहील. त्या मातीत चुनखडी, लोह आणि सेंद्रिय पदार्थ इतके असतात की ती आधी स्वच्छ करण्यातच सारा वेळ जाईल.

संमिश्र पदार्थात तीन कामे वाटून दिलेली असतात. प्रकाश शोषणारा अर्धवाहक एक, हायड्रोजन सुटण्यासाठी जागा देणारा सह-उत्प्रेरक दुसरा, आणि या दोघांचे कण एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारे मातीचे खनिज तिसरे. सह-उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम सर्वांत चांगले, पण महाग. त्याच्या जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइड चालते. गॅरेजमध्ये वंगणात घालतात तोच हा काळा पदार्थ. त्याच्या पापुद्र्यांच्या सपाट बाजू निष्क्रिय असतात, कडा तेवढ्या काम करतात. म्हणून तो जितका बारीक आणि कडा जितक्या जास्त तितका बरा. माती स्वतः हायड्रोजन देत नाही. ती जास्त झाली तर उलट प्रकाश विखुरते.

मातीच्या खनिजांत सध्या हॅलॉयसाइटचा बोलबाला आहे, आणि त्याला कारण आहे. केओलिन या चिनी मातीचाच हा भाऊ, पण त्याचे थर गुंडाळले जाऊन नळ्या झालेल्या असतात : बाहेरचा व्यास ५० ते ६० नॅनोमीटर, आतली पोकळी १० ते १५, लांबी अर्धा ते दीड मायक्रॉन. बाहेरची बाजू सिलिकाची, म्हणून पाण्यात ऋण प्रभाराची. आतली ॲल्युमिनाची, म्हणून धन प्रभाराची. त्यामुळे धातूचे आयन बाहेर बसवायचे की आत, हे काही प्रमाणात ठरवता येते. कॅडमियम सल्फाइडचे पाच-दहा नॅनोमीटरचे कण या नळ्यांवर बसवले की ते एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, आणि पावडर खाली बसवून द्रावणातून वेगळी काढणेही सोपे जाते.

कृती कागदावर साधी आहे. एक ग्रॅम पदार्थात २० टक्के कॅडमियम सल्फाइड हवे असेल तर ०.८ ग्रॅम हॅलॉयसाइट, ०.४३ ग्रॅम कॅडमियम नायट्रेट टेट्राहायड्रेट आणि ०.३३ ग्रॅम सोडियम सल्फाइड नोनाहायड्रेट. हॅलॉयसाइट पाण्यात अर्धा तास अल्ट्रासॉनिकमध्ये सुटे करायचे, कॅडमियमचे द्रावण घालून काही तास ढवळायचे, मग सल्फाइडचे पातळ द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. रंग लिंबासारखा पिवळा, मग केशरीकडे झुकणारा. धुऊन ६० अंशांवर, शक्यतो निर्वातात सुकवायचे. हवेत जास्त तापवले तर कणांचा पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो आणि हायड्रोजनचा वेग घसरतो.

बिघडते कुठे, तर बहुतेकदा मधल्या पायरीला. वर दिलेल्या कॅडमियमचे १.३८ मिलिमोल होतात. माती हे सगळे कॅडमियम केवळ प्रभाराच्या जोरावर धरू शकत नाही. माँटमोरिलोनाइटची आयन-विनिमय क्षमता, म्हणजे प्रभाराने आयन धरून ठेवण्याची ताकद, शंभर ग्रॅमला ८० ते १२० मिलि-इक्विव्हॅलंट असते. कॅडमियमच्या आयनावर प्रभार दोन, म्हणजे ०.८ ग्रॅम माती जास्तीत जास्त अर्ध्या मिलिमोलच्या आतबाहेर कॅडमियम धरेल, आणि त्यातून सात-आठ टक्केच सल्फाइड बसेल. हॅलॉयसाइटची क्षमता त्याहूनही बरीच कमी. उरलेले कॅडमियम द्रावणातच तरंगत राहते आणि सल्फाइड पडताच त्याचे वेगळे गठ्ठे होतात. पावडर पिवळी दिसते, एक्स-रे विवर्तनात, म्हणजे स्फटिक ओळखायच्या चाचणीत, कॅडमियम सल्फाइडच्या रेषाही येतात, पण ते संमिश्र नसून नुसते मिश्रण असते. ओळखायची खूण सोपी आहे : थोडी पावडर पाण्यात हलवून ठेवा. वेगवेगळ्या छटांचे दोन थर बसले किंवा वरचे पाणी पिवळे राहिले, तर समजा की सल्फाइड नळ्यांवर बसलेले नाही. उपाय दोन. एक म्हणजे हॅलॉयसाइटला आधी अमिनोसिलेनचा लेप देणे, म्हणजे त्यातले अमिन गट कॅडमियम पकडून ठेवतात. दुसरा म्हणजे कॅडमियमच्या द्रावणात बुडवणे, धुणे, सल्फाइडमध्ये बुडवणे, पुन्हा धुणे, असे फेरे घेत थोडे थोडे सल्फाइड चढवणे. दुसऱ्याला वेळ लागतो, पण कणांचा आकार हातात राहतो.

टायटॅनियम डायऑक्साइड आणि माँटमोरिलोनाइटच्या संमिश्रात पथ्य वेगळे. तिथे मातीच्या थरांमध्ये टायटॅनियमचे खांब उभे करतात आणि मग साधारण ४०० ते ५०० अंशांवर भाजतात. क्लोराइड नीट धुतले गेले नाही तर भाजताना खांब विस्कळीत होतात. ६०० अंशांच्या वर गेले तर ॲनाटेजचे रूटाइल हे दुसरे स्फटिकरूप व्हायला लागते आणि मातीच्या थरांतले हायड्रॉक्सिलही सुटू लागते. हॅलॉयसाइट आणि केओलिन तर त्याआधीच, ४५० ते ५५० अंशांच्या दरम्यान, मोडतात. भट्टीचा तापमान मोजणारा थर्मोकपल नमुन्यापासून दूर असेल तर तीस-चाळीस अंशांचा फरक सहज पडतो आणि ‘तीच कृती, तोच पदार्थ’ दुसऱ्यांदा निघत नाही.

प्लॅटिनमचे प्रमाणही सांगून टाकतो, कारण तिथे हात सैल सुटतो. १०० मिलिग्रॅम पावडरीवर अर्धा टक्का प्लॅटिनम म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. त्यासाठी क्लोरोप्लॅटिनिक ॲसिडचा हेक्साहायड्रेट १.३३ मिलिग्रॅम लागतो. इतके तराजूवर मोजणे शक्य नाही, म्हणून एक ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले ०.१३ मिलिलिटर घ्यावे. एक-दोन टक्क्यांच्या पुढे गेले तर काळे पडून प्रकाश अडतो आणि वेग वाढण्याऐवजी उतरतो.

आता खऱ्या मेखेकडे. कॅडमियम सल्फाइडवरच्या हायड्रोजनचे बहुतेक आकडे शुद्ध पाण्यातले नसतात. पाण्यात सोडियम सल्फाइड आणि सोडियम सल्फाइट घातलेले असते. अशा मिसळलेल्या रसायनाला सॅक्रिफिशियल एजंट म्हणतात. होल उत्प्रेरकाला, म्हणजे आपल्या पावडरीला, खाण्याऐवजी याला खाते, म्हणून उत्प्रेरक टिकतो आणि इलेक्ट्रॉन मोकळे राहतात. त्यात चूक काही नाही, पदार्थाची इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता तपासायची ती मान्य रीत आहे. पण तिचा हिशोब वाचकाला कळायला हवा. १०० मिलिलिटरला नेहमीचे प्रमाण ०.३५ मोलर सल्फाइड आणि ०.२५ मोलर सल्फाइट, म्हणजे ८.४ ग्रॅम नोनाहायड्रेट आणि ३.१५ ग्रॅम सल्फाइट. सल्फाइड आणि सल्फाइट मिळून थायोसल्फेट होते असा मार्ग धरला, तर सल्फाइट संपेपर्यंत जास्तीत जास्त २५ मिलिमोल हायड्रोजन सुटेल. वजनात ५० मिलिग्रॅम. साडेअकरा ग्रॅम रसायन आणि ५० मिलिग्रॅम हायड्रोजन, या प्रमाणात एक किलो हायड्रोजनला सुमारे २३० किलो रसायन जाळावे लागेल. सल्फाइट संपले की द्रावण पिवळे होते, कारण डायसल्फाइड साचते. ते प्रकाशही शोषते आणि इलेक्ट्रॉनही पळवते. म्हणून पहिल्या दोन-तीन तासांचा वेग छापलेला असतो आणि पाचव्या तासाचा नसतो.

मिथेनॉल घातले तरी गोष्ट तीच. पाणी फोडायला मोलमागे २३७ किलोज्यूल, पण मिथेनॉल आणि पाणी यांपासून कार्बन डायऑक्साइड आणि तीन मोल हायड्रोजन काढायला एकूण सुमारे ९ किलोज्यूल. तिथे डोंगर चढायचा नसतो, उंबरठा ओलांडायचा असतो. सुटलेल्या हायड्रोजनातली बहुतेक ऊर्जा मिथेनॉलमधून आलेली असते, सूर्याकडून नव्हे. अशा प्रयोगाला ‘सूर्यप्रकाशाने पाण्याचे विघटन’ म्हणणे चूक आहे, आणि त्यावरून सौर-हायड्रोजन कार्यक्षमता, म्हणजे उन्हाच्या ऊर्जेतला हायड्रोजनमध्ये साठलेला टक्का, काढणे तर त्याहून चूक.

ग्रॅममागचा आकडा फसवा असण्याचे आणखी एक कारण आहे. पावडर दहा मिलिग्रॅमच घेतली आणि तासाला ५० मायक्रोमोल वायू मिळाला, तर ‘ग्रॅमला तासाला ५,००० मायक्रोमोल’ असे लिहिता येते. पण त्याच भांड्यात एक ग्रॅम टाकली तर शंभर पट वायू मिळत नाही. भांड्यात शिरणारा प्रकाश एकदा शोषला गेला की जास्तीची पावडर सावलीत बसते. तेच ५० मायक्रोमोल, २० चौरस सेंटिमीटर खिडकीवर प्रमाण सूर्यप्रकाश धरून मोजले, तर साठवलेली ऊर्जा पडलेल्या ऊर्जेच्या सुमारे ०.१६ टक्के येते, तीही सॅक्रिफिशियल एजंट नाही असे मानून. शिवाय ३०० वॉटच्या झेनॉन दिव्याचा झोत एका जागी धरला तर तो कितीतरी सूर्यांइतका तीव्र होतो आणि त्यात अतिनील भागही जास्त असतो. ४२० नॅनोमीटरचा फिल्टर लावला होता का, झोताची तीव्रता मोजली होती का, हे विचारल्याशिवाय दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवू नयेत.

महाविद्यालयात असे प्रकल्प करणाऱ्यांसाठी मोजणीच्या चार गोष्टी. गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, वाहक वायू आर्गॉन असावा. हीलियमची उष्णतावाहकता हायड्रोजनच्या इतकी जवळ आहे की आलेखावर त्याचे शिखर नीट उमटत नाही. प्रयोगाआधी आर्गॉनने किमान अर्धा तास हवा हाकलावी, आणि प्रत्येक नमुन्यात नायट्रोजनचे शिखर पाहावे. नायट्रोजन दिसला तर हवा शिरली आहे, आणि त्याच्या सुमारे पाव पट ऑक्सिजनही हवेचाच आहे, तो वजा करावा लागतो. तसे न करता ‘ऑक्सिजनही मिळाला’ असे जाहीर करणे ही नेहमीची चूक. शुद्ध पाण्याचे विघटन झाले असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन २:१ प्रमाणात, आणि ते प्रमाण तासन्‌तास टिकलेले दिसले पाहिजे. अंधारातला प्रयोग अनिवार्य आहे, कारण जस्त किंवा ॲल्युमिनियमचा अंश उरलेला असेल तर अल्कलीत तो अंधारातही हायड्रोजन सोडतो. भांड्याभोवती पाण्याचे जॅकेट नसेल तर दिव्याने द्रावण तापते आणि पहिल्या तासात वेग वाढल्याचा भास होतो.

शुद्ध पाण्यात, खऱ्या उन्हात, मोठ्या क्षेत्रावर झालेले काम पाहायचे असेल तर टोकियो विद्यापीठातल्या कझुनारी दोमेन यांच्या गटाचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. ॲल्युमिनियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम टायटॅनेट, म्हणजे पेरोव्हस्काइट रचनेचाच पदार्थ, आणि त्यावर ऱ्होडियम-क्रोमियम ऑक्साइड व कोबाल्टचे सह-उत्प्रेरक. क्रोमियम ऑक्साइडचे कवच इथे मुद्दाम आहे : ते ऑक्सिजनला ऱ्होडियमपर्यंत पोचू देत नाही, नाहीतर सुटलेला हायड्रोजन तिथेच पुन्हा ऑक्सिजनशी मिळून पाणी होतो. नुसते प्लॅटिनम बसवले तर हीच उलटी क्रिया आपले कष्ट धुऊन टाकते. पावडर पाण्यात ढवळत न ठेवता काचेवर थर दिला होता, आणि पाण्याचा थर सुमारे ०.१ मिलिमीटर. पंचवीस सेंटिमीटर बाजूच्या १,६०० पॅनेलांचे एकूण १०० चौरस मीटर क्षेत्र. ते महिनोन्‌महिने चालले आणि सर्वोच्च कार्यक्षमता ०.७६ टक्के आली. याच जातीच्या पदार्थाची अतिनील प्रकाशातली क्वांटम कार्यक्षमता, म्हणजे दर शंभर प्रकाशकणांतले किती कामी आले ते, प्रयोगशाळेत ९६ टक्क्यांपर्यंत गेलेली आहे. म्हणजे कमी पडला तो पदार्थ नव्हे, त्याला चालणाऱ्या प्रकाशाचा वाटा.

तिथला दुसरा धडा वायूचा. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच नळीतून २:१ मिश्रणात बाहेर येतात, म्हणजे तयार स्फोटक. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेतो आणि ठिणगी सुमारे ०.०२ मिलिज्यूलची पुरते. अंगावरच्या कृत्रिम धाग्याच्या कपड्यांची स्थिर वीजही याहून जास्त असू शकते. त्या गटाने वायूसाठीच्या जागा अरुंद ठेवल्या, मुद्दाम पेटवून चाचण्या घेतल्या आणि पॉलिइमाइड पटलातून हायड्रोजन वेगळा केला. आपल्याकडच्या एखाद्या प्रकल्पाच्या छायाचित्रात मिश्र वायू फुग्यात भरलेला दिसला तर संपादकांनी ते छायाचित्र छापूच नये, अशी विनंती आहे.

आता क्षेत्राचा हिशोब. महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला चौरस मीटरमागे ५ युनिट ऊन धरू. १ टक्का कार्यक्षमतेने त्यातले ०.०५ युनिट हायड्रोजनमध्ये साठते, म्हणजे दीड ग्रॅम हायड्रोजन. एक किलो रोज हवा असेल तर सुमारे ६५० चौरस मीटर, टोकियोच्या ०.७६ टक्क्यांनी ८६० चौरस मीटर. याउलट साधे सौर पॅनेल आणि इलेक्ट्रोलायझर घ्या : २० टक्क्यांचे पॅनेल, त्यात उष्णता, धूळ, इन्व्हर्टर यांचा तोटा धरून चौरस मीटरला ०.८ युनिट वीज, आणि किलोमागे ५० ते ५५ युनिट. म्हणजे ६३ ते ६९ चौरस मीटर पुरतात, आणि हायड्रोजन-ऑक्सिजन आपोआप वेगवेगळे निघतात. केंद्राच्या ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेत इलेक्ट्रोलायझरला मध्यवर्ती स्थान आहे ते याच कारणाने. पावडरीच्या पॅनेलात काच, थर आणि नळ्या एवढेच असल्याने ते फार स्वस्तात पडेल, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण त्यासाठी कार्यक्षमता ५ ते १० टक्क्यांपर्यंत न्यावी लागेल आणि थर तासांऐवजी वर्षे टिकावा लागेल. नळाचे पाणी वापरले तर काही आठवड्यांतच कॅल्शियमचे पांढरे किटण थरावर बसते, ही अडचण तर कोणी मोजतच नाही.

मग सल्फाइडच्या या संमिश्रांचे करायचे काय? माझ्या मते त्यांची खरी जागा पिण्यायोग्य पाण्यात नसून तेलशुद्धीकरण कारखान्याच्या दाराशी आहे. कच्च्या तेलातले गंधक काढताना हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सध्या क्लॉस प्रक्रियेत त्यातले गंधक मिळवतात, पण हायड्रोजनचे पाणी होऊन जाते. हायड्रोजन सल्फाइड फोडायला मोलमागे ३३ किलोज्यूल पुरतात, पाण्याच्या सातव्या भागाइतकेच, आणि इथे होलचे खाद्य म्हणजे कारखान्याचा टाकाऊ वायूच असल्यामुळे २३० किलो रसायनाचा प्रश्न येत नाही. वायू अल्कलीत शोषून घ्यायचा, त्यात उत्प्रेरक, वर ऊन. हायड्रोजन सुटतो, गंधक द्रावणात राहते आणि नंतर वेगळे काढता येते. पुण्याच्या सी-मेट या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक पदार्थ संशोधन संस्थेने या विषयावर बरेच काम केले आहे आणि ते प्रसिद्धही आहे. मराठी वृत्तपत्रांनी दखल घ्यावी ती अशा कामाची.

यातही अडचणी आहेत आणि त्या झाकू नयेत. द्रावणात पॉलिसल्फाइड साचले की ते पिवळे होऊन प्रकाश अडवते, म्हणून ते सतत फिरवून गंधक काढत राहावे लागते. कारखाना चोवीस तास चालतो आणि ऊन पाच-सहा तासांचे, पावसाळ्यात तेही नाही, म्हणजे द्रावण साठवण्याच्या टाक्या आल्या. एक टन हायड्रोजन सल्फाइडमध्ये ५९ किलो हायड्रोजन असतो. कॅडमियम सल्फाइड जेवढा प्रकाश शोषू शकते त्यातला दर दहावा कण कामी आला असे मानले, तर रोजचा एक टन फोडायला ढोबळमानाने दहा-बारा एकर लागतील. मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांपाशी एवढी मोकळी जागा मिळणार नाही. किनाऱ्यावरच्या नव्या प्रकल्पात, आराखड्यातच सोय केली तर मिळू शकेल. आणि वायू जीवघेणा आहे : शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर) आसपास नाक बधिर होते आणि वास येणे थांबते, म्हणून वासावर विसंबून चालत नाही, मोजणारा सेन्सर लागतो. सोडियम सल्फाइडचे द्रावण चुकून आम्लाच्या बाटलीत ओतले तरी हाच वायू निघतो. प्रयोगशाळेच्या एकाच बेसिनमध्ये दोन्ही ओतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तेव्हा विनंती एवढीच, की अशा बातमीबरोबर एक लहानशी चौकट द्यावी : पाण्यात काय होते, प्रकाशाचा स्रोत व तीव्रता, क्षेत्र, एकूण तास, शेवटच्या तासाचा वेग पहिल्याच्या किती टक्के, आणि ऑक्सिजन मोजला का. सहा ओळींत मावते. संशोधकाकडे यातल्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर ‘माहिती मिळाली नाही’ असे छापावे.

शेवटी कॅडमियमविषयी. विज्ञान प्रदर्शनासाठी शाळांतून असे प्रयोग करण्याचा उत्साह दिसतो. कॅडमियम सल्फाइडचे प्रयोग शाळेत करू नयेत. टायटॅनियम डायऑक्साइड आणि माती घेऊन, मिथिलीन ब्लूचा रंग उन्हात उडवून दाखवणे पुरेसे आहे. महाविद्यालयांनी करायचेच असतील तर धुण्याचे पाणी बेसिनमध्ये सोडू नये. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे. म्हणजे वर सांगितलेल्या एका तुकडीतले दीडशे मिलिग्रॅम कॅडमियम पन्नास हजार लिटर पाणी बिघडवायला पुरते. सगळे पाणी एका कॅनमध्ये जमवावे, अल्कलीयुक्त ठेवून थोडे जादा सल्फाइड घालून कॅडमियम खाली बसवावे, गाळ लेबल लावून वेगळा ठेवावा आणि तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे, नोंदीसह, सोपवावा. वरच्या पाण्यातले कॅडमियम तपासल्याशिवाय तेही ओतू नये.

आपला,
पदार्थविज्ञानाचा एक अभ्यासक,
पुणे